आधी मळमळ थांबवा, मग ताट वाढा

घरातलं म्हातारं कुत्रं जेवेनासं झालं की आजूबाजूची माणसं साधारण दोन गोष्टी सांगतात. एक, 'वय झालं, आता अन्नावरची वासना उडायचीच.' आणि दुसरी, 'काहीतरी चमचमीत करून घाला, बघा कसं खातं ते.' दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही आजारी जनावराच्या जिवावर बेतू शकतात. आमच्या ठकीच्या आजारपणात हे मी फार जवळून पाहिलं. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात घरोघरी पाळलेली कुत्री आता म्हातारी होत चालली आहेत आणि पावसाळा लागला की 'आमचा खात नाही हो' हे वाक्य रोज कानावर पडतं.

आम्ही अंबरनाथला पूर्वेकडे, शिवमंदिर परिसरात राहतो. मंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इ.स. १०६० सालचं. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ बघायला लांबून लोक येतात. आम्हा रहिवाशांचा मात्र त्याच्या आवाराबाहेरच्या रस्त्याशी, वालधुनीच्या काठाशी आणि तिथल्या गवताशी रोजचा संबंध. ठकी पिल्लू असताना याच रस्त्यावर सापडली. तांबूस रंगाची देशी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. वेळेवर शस्त्रक्रिया करून घेतलेली, लसी दिलेली, आणि खाण्याच्या बाबतीत कधीही तक्रार नसलेली. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसणार, हा तिचा तेरा वर्षांचा शिरस्ता होता.

आषाढ संपता संपता तिने भाकरी अर्धी टाकायला सुरुवात केली. पाऊस, गवत आणि गोचीड हे आमच्याकडचं ठरलेलं त्रिकूट. तिच्या कानामागे गोचीड सापडलेच होते. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. गोचीडताप असावा म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळाल्या आणि 'दहीभात आवडतो ना, त्यात कालवून द्या,' असं सांगण्यात आलं. तसं आम्ही केलं. पहिल्यांदा तिने खाल्लं. दुसऱ्या वेळी वरचा भात चाटून गोळी तेवढी बाजूला ठेवली. त्यानंतर दह्याचं भांडं फ्रीजमधून काढलं तरी ती उठून बाहेरच्या खोलीत जायला लागली. आयुष्यभर ज्या दहीभातावर ती जीव टाकत होती तो तिने पुढे मरेपर्यंत तोंडात घेतला नाही.

यात दोन गोष्टी घडल्या होत्या, त्या पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितल्या. डॉक्सिसायक्लिनने पोटात ढवळतं, विशेषतः पोट रिकामं असलं तर फारच. कुत्र्याची स्मरणशक्ती वासाशी बांधलेली असते. ज्या पदार्थाच्या वासाबरोबर पोट ढवळलं, तो पदार्थ त्याच्या लेखी विष ठरतो आणि मग कितीही लाडीगोडी लावा, तो वास आला की तोंड फिरतं. शिवाय दह्यातल्या कॅल्शियमने या जातीच्या औषधाचं शोषण कमी होतं, म्हणजे औषधही नीट लागू पडत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं: आजारी कुत्र्याच्या आवडत्या अन्नात औषध लपवू नका. गोळी द्यायचीच तर एखाद्या वेगळ्याच पदार्थाच्या छोट्या गोळ्यात द्या, जो एरवी कधी देत नाही, किंवा डॉक्टरांकडून जिभेच्या मुळाशी गोळी ठेवून गिळायला लावायचं शिकून घ्या. डॉक्सिसायक्लिन दिल्यावर दोन घास अन्न किंवा थोडं पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. जेवणाचं ताट मात्र औषधापासून लांब ठेवा. कडू गोळीचा संशय आलेलं ताट पुन्हा विश्वासाचं व्हायला फार दिवस लागतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला दिली. प्लेटलेट कमी होत्या, म्हणजे गोचीडतापाचा अंदाज बरोबरच होता. पण क्रिएटिनिन वाढलेलं होतं आणि लघवी पाण्यासारखी पातळ होती. किडनी थकली होती. किडनीचा दोष बाहेर दिसायला लागतो तेव्हा तिचं साधारण दोन तृतीयांश काम आधीच बंद पडलेलं असतं. क्रिएटिनिन तर त्याहूनही उशिरा चढतं. गोचीडतापाचा जंतू किडनीलाही इजा करू शकतो, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सांगणं अवघड होतं. जेवण सुटण्याचं कारण मात्र स्पष्ट होतं. किडनीने बाहेर टाकायची घाण रक्तात साठते आणि त्याने सतत मळमळतं. तिला भूक होती, पण मळमळीपुढे घास उतरत नव्हता.

हा फरक ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. भूक मेलेलं कुत्रं अन्नाकडे ढुंकूनही बघत नाही. मळमळणारं कुत्रं उठून येतं, ताटाशी नाक नेतं, हुंगतं, आणि मग मान फिरवतं. ते सारखे ओठ चाटतं, काही खाल्लेलं नसताना घोट गिळतं, लाळ गाळतं, गवत खायला धावतं. ठकी आणखी एक करायची. ताटासमोर उभी राहून नाकाने फरशीवरची नसलेली माती ओढायची आणि भातावर लोटायची. फरशीवर नाक घासून घासून तिच्या नाकपुडीची कड लाल झाली होती. शेवटी ताटाखालचं पुसणं नाकाने ओढत आणून तिने भात झाकून टाकला. आम्हाला वाटलं खेळते आहे. आम्ही मोबाईलवर काढलेला तिचा व्हिडिओ डॉक्टरांनी बघितला आणि ते लगेच म्हणाले, 'तिला वास सहन होत नाहीये. ती ते पुरते आहे.' तुमचं कुत्रं ताटाशी कसं वागतं त्याचा असा व्हिडिओ जरूर काढून न्या. दवाखान्यात घाबरून बसलेल्या कुत्र्याकडे बघून जे कळत नाही ते त्यातून कळतं.

तिसरा प्रकार दुखण्याचा. कुत्रं घास घेतं आणि टाकून देतं, एकाच बाजूने चावतं, कोरडं सोडून मऊ तेवढं खातं, तोंडाला वास येतो. हे असेल तर दात बघा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या दाढा किडलेल्या, तुटलेल्या किंवा हिरडीतून सुटलेल्या असतात आणि वरून काही दिसत नाही. मान किंवा खांदे आखडलेले असतील तर जमिनीवरच्या भांड्यापर्यंत वाकणंच नको वाटतं. अशांना भांडं पाटावर ठेवून छातीच्या उंचीला आणलं तर बरं पडतं. आमच्या ओळखीच्या एका घरातला लॅब्रेडॉर केवळ पाटामुळे जेवायला लागला.

ठकीला डॉक्टरांनी आधी सलाईन आणि मळमळ थांबवणारं इंजेक्शन दिलं. मॅरोपिटंट आणि ओन्डान्सेट्रॉन ही त्यातली नेहमीची नावं. त्यानंतरच अन्नाचं बोलणं झालं. पुढे भूक वाढवणारं मिर्टाझॅपिनही काही दिवस दिलं. खास कुत्र्यांच्या भुकेसाठी म्हणून अमेरिकेत २०१६ मध्ये कॅप्रोमोरेलिन नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली, पण आपल्याकडचे डॉक्टर बहुतेक मिर्टाझॅपिनच लिहून देतात. यातल्या कशाचाही डोस मी इथे मुद्दाम देत नाही. किडनीच्या रुग्णाला प्रमाण वेगळं असतं, यकृताच्या रुग्णाला वेगळं. आणि भूक वाढवणारं औषध मळमळ न थांबवता दिलं तर खायची इच्छा आणि उलटीची भावना यांच्या कात्रीत ते जनावर सापडतं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी पाणी भरून काढणं, मग मळमळ आणि वेदना थांबवणं, मग भूक, आणि सगळ्यात शेवटी ताटातला पदार्थ. आपण सगळे नेमके उलट्या टोकाकडून, पदार्थापासून सुरुवात करतो.

आता श्रावणाबद्दल. आमच्या घरात श्रावणात अंडं-मांस शिजत नाही. सोमवारी तर मंदिराकडे जाणारा रस्ता पहाटेपासून माणसांनी फुललेला असतो आणि सगळ्या गल्लीला धूप-फुलांचा वास असतो. अशात डॉक्टरांनी ठकीसाठी भात, उकडलेल्या अंड्याचं पांढरं आणि थोडी उकडलेली कोंबडी लिहून दिली. मी पनीर चालेल का विचारलं. ते म्हणाले, पनीर, दूध, दही यांत फॉस्फरस बराच असतो आणि थकलेल्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही, म्हणून नको. अंड्यातल्या पांढऱ्यात प्रथिनं चांगली आणि फॉस्फरस फार कमी, म्हणून ते हवं, पिवळं नको. घरी येऊन मी सासूबाईंना कसं सांगावं याचा विचार करत होते. त्यांनीच विचारलं, 'काय घालायला सांगितलंय तिला?' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अगं, आजाऱ्याला कसला आलाय श्रावण? मागच्या गॅलरीत शेगडी मांड, भांडी वेगळी ठेव आणि शिजव. तिच्या जिवापेक्षा का माझं सोवळं मोठं?' सासूबाईंनी मला हे सांगितलं नसतं तर आम्ही आणखी किती दिवस पनीर आणि मुगाच्या खिचडीत घालवले असते कोण जाणे. ज्या घरांत मांसाहार अजिबातच होत नाही त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. शाकाहारी आखणीही करता येते. तांदूळ, उकडलेला साबुदाणा, दुधी, भोपळा यांचा आधार घेऊन. पण ती आपल्या मनाने करू नये.

श्रावणाचाच आणखी एक धोका आहे, तो कुणी बोलत नाही. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं, बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या किडनीवर घाव घालतात. कुणाला किती बाधेल याचा नेम नसतो. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखाद्याला चार दाण्यांनी लघवी बंद पडते. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं असं अलीकडच्या काही वर्षांत पशुवैद्यक सांगू लागले आहेत. चिंचेतही तेच आम्ल असतं. म्हणजे सत्यनारायणाचा शिरा आणि चिंचेची आमटी दोन्ही कुत्र्यापासून लांब. न खाणारं कुत्रं निदान देवाचा प्रसाद तरी खाईल म्हणून लोक श्रद्धेने तो घास भरवतात, म्हणून हे ठळकपणे सांगते आहे.

तसंच कांदा-लसणाचं. मटणाचा रस्सा, कोंबडीचं सूप, बाजारातली काही तयार बाळअन्नं, सगळ्यांत कांदा-लसूण किंवा त्यांची पूड असते. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचीडतापाने आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला ते अजिबात परवडत नाही. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगमात किंवा पीनट बटरमध्ये झायलिटॉल असेल तर तेही नको. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, यांतली एकही घरच्या डब्यातून काढून देऊ नका. किडनीच्या रुग्णाला त्या मृत्यूच्या दारात नेतात.

भरवण्याची रीत ही स्वतंत्र गोष्ट आहे. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात जो तो हातात काहीतरी घेऊन ठकीच्या मागे होता. हे ऑफिसातून आले की बिस्किट, मुलगा ब्रेड, शेजारच्या काकू केळं. तिने एका कोपऱ्यात सोफ्याच्या मागे जागा धरली. डॉक्टरांनी सांगितलं, भरवणारं माणूस एकच ठरवा. ते माझ्याकडे आलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसायचे, समोर नाही. समोरून वाकलं की तिला ते अंगावर आल्यासारखं वाटायचं. खोल भांड्याऐवजी पसरट ताटली घेतली. अन्न कोमट करायचे, मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम ऊब लागावी इतकंच. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या माणसाच्या मानाने फार कमी असतात. तो जेवतो ते नाकाने, आणि फ्रीजमधल्या थंड भाताला वास नसतो. म्हाताऱ्या नाकाला तर तो मुळीच येत नाही.

पण इथेही एक मर्यादा आहे. मळमळ पुरती थांबलेली नसेल तर तोच ऊन वास उलटा पडतो. अशा दिवशी ठकीने गार अन्न जास्त बरं मानलं. शिजवतानाचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून शेगडी गॅलरीत होती ते त्या दृष्टीनेही बरंच झालं. ताटली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची आणि उचलायची. खाल्लं नाही तरी बोलायचं नाही, गयावया करायची नाही, आणि ते ताट तिथे वास मारत ठेवायचं नाही. दोन-अडीच तासांनी पुन्हा, थोडंसंच. दिवसातून पाच-सहा वेळा मूठ-मूठ गेलं तरी पुष्कळ.

पहिला खरा घास तिने घरात घेतलाच नाही. सायंकाळी पाऊस उघडला म्हणून तिला मंदिराच्या रस्त्याने थोडं फिरवलं आणि परत येताना इमारतीच्या जिन्यात दमून ती बसली. माझ्या पिशवीत डब्यात अंड्याचं पांढरं होतं. मी तिच्यासमोर न धरता माझ्या उघड्या तळव्यावर मांडीशेजारी ठेवलं आणि दुसरीकडे बघत राहिले. आधी ओला श्वास तळव्यावर आला, मग जीभ. तिने तळवा पुसून काढला आणि बोटांच्या बेचक्यातला कणही सोडला नाही. त्यानंतर बरेच दिवस ती जिन्यातच जेवली. इमारतीतल्या कुणी हरकत घेतली नाही, उलट खालच्या मजल्यावरच्या आजी तिची वेळ झाली की आपलं दार ओढून घ्यायच्या. घरात नकोशा आठवणी ताटाला चिकटल्या असतील तर जागा बदलून बघा. जिना, गच्ची, झाडाखाली, कुठेही.

आता सिरिंजबद्दल. आमच्याच गल्लीत एक म्हातारा पॉमेरेनियन होता. तो खात नाही म्हणून घरच्यांनी तोंड वर करून हळद-दूध ओतलं. ते श्वासनलिकेत गेलं, फुप्फुसं भरली, आणि त्या न्यूमोनियातून तो उठला नाही. मूळ आजार कदाचित साधा होता. त्या घरातली माणसं आजही त्याबद्दल बोलताना रडतात, आणि त्यांनी परवानगी दिली म्हणूनच मी हे लिहिते आहे. डॉक्टरांनी सांगितलं तरच सिरिंज वापरा. कुत्रं पूर्ण जागं असावं, बसलेलं किंवा पोटावर टेकलेलं असावं, मान सरळ, हनुवटी वर नको. सिरिंजचं टोक गालाच्या आत, दातांच्या बाजूला, आणि एकदोन मिलिलिटरच. ते गिळलं की पुढचं. ठसका लागला, लाळ ओघळायला लागली, तोंड घट्ट मिटलं की थांबा. उलटी होत असताना तर मुळीच नको. दात-ओठ आवळून भरवलेल्या अन्नाने पोट भरत नाही आणि तिरस्कार मात्र पक्का होतो.

आपण 'खाल्लं' असं म्हणतो तेव्हा ते किती असतं हेही मोजायला हवं. वजन किलोत घ्या, तिसाने गुणा, त्यात सत्तर मिळवा. कुत्र्याला नुसतं पडून राहायला रोज साधारण इतक्या कॅलरी लागतात. मध्यम बांध्याच्या कुत्र्यांसाठी हा ढोबळ हिशेब चालतो. ठकी १५ किलोची, म्हणजे ५२०. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३०च्या आसपास, तेवढ्याच उकडलेल्या, कातडीशिवायच्या कोंबडीत साधारण १६०. आणि ज्या कोंबडीच्या पाण्यावर आपण समाधान मानतो, 'वाटीभर सूप तरी प्यायली,' त्यात जवळजवळ काहीच नसतं. मी वहीत रोज लिहून ठेवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की घरातल्या सगळ्यांच्या मते 'बरंच खाल्लं' त्या दिवशी तिच्या गरजेच्या पावभागही पोटात गेलं नव्हतं. वही नसती तर हे कळायला आणखी उशीर झाला असता. हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवला की तेही पुढचा निर्णय लवकर घेतात. तूप घालून कॅलरी वाढवायचा मोह होतो, पण स्वादुपिंडाला सूज असेल तर तूप घातक, म्हणून विचारूनच. आणि बरेच दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. रक्तातले क्षार एकदम बिघडून हृदयावर येतं. पहिल्या दिवशी हिशेबाच्या तिसऱ्या भागाइतकं, मग हळूहळू वाढवत न्यायचं.

किडनीचं खास तयार अन्न मिळतं आणि ते चांगलंही असतं. पण ते सुरू करायची वेळ चुकू नये. मळमळत असतानाच ते पुढे केलं तर त्याचंही दहीभातासारखं होतं. ठकी घरचं अन्न रोज नीट घ्यायला लागल्यावर मग चमचा-चमचा मिसळत ते वाढवलं. डॉक्टरांचं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे: 'पोटात गेलेलं थोडं चुकीचं अन्न, ताटात राहिलेल्या बरोबर अन्नापेक्षा बरं.' घरी कातडीखाली सलाईन द्यायला त्यांनी आम्हाला शिकवलं. मुलगा बाटली धरायचा, मी मानेवरची कातडी उचलायचे. पहिल्या वेळी माझे हात थरथरले. नंतर ठकी त्या वेळी झोपी जायला लागली.

एवढं करूनही पोटात अन्न जात नसेल तर नाकातून किंवा मानेतून अन्ननलिकेत नळी घालतात. ती म्हणजे छळ, असं समजून लोक नाही म्हणतात. बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारात ही नळी म्हणजे औषधाला काम करायला मिळालेला वेळ असतो. आमच्या अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर भागात साध्या तपासण्या, सोनोग्राफी होते. त्यापुढचं लागलं तर परळला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखलं जाणारं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, तिथेच १८८६ सालचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं आहे. आमच्याकडून ते ५० किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे जायचं की नाही हा निर्णय कुत्र्याच्या अंगात प्रवासाची ताकद असतानाच घ्यावा.

किती वेळ वाट बघायची, हे लोक नेहमी विचारतात. म्हाताऱ्या कुत्र्याने चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचाच. मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल तर एक जेवण चुकलं तरी करायचा. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसल्या, पोट फुगून नगाऱ्यासारखं टणक झालं, उलटीत रक्त आलं, पाणीही पोटात टिकेना, लघवी बंद झाली, तर तासाभराचाही उशीर नको. पुराच्या पाण्यातून फिरलेलं कुत्रं ताप येऊन जेवण सोडत असेल तर लेप्टोची शंका घ्या आणि त्याची लघवी हातमोजे घालून पुसा, तो आजार माणसालाही होतो. आणि शस्त्रक्रिया न झालेल्या म्हाताऱ्या मादीने माज येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात जेवण सोडलं आणि पाणी मात्र खूप प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे पदार्थ बदलत बसणं म्हणजे तिला हातचं घालवणं.

ठकी गणपतीत उंबऱ्यावर परत आली, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. पुढची महाशिवरात्र, मंदिराभोवतीची जत्रा, ती गर्दी तिने गॅलरीतून बघितली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात किडनीने साथ सोडली. या वेळी मळमळीची औषधं, सलाईन, जिना, तळवा, सगळं करून झालं होतं आणि ती तोंड फिरवतच राहिली. डॉक्टरांनी आम्हाला तिच्या आवडीच्या गोष्टी लिहायला लावल्या होत्या: सायंकाळचा फेरा, मुलाच्या बुटांवर डोकं ठेवून झोपणं, खालच्या आजींना भेटणं. त्यातली एकही गोष्ट तिला हवीशी वाटेना तेव्हा आम्ही भरवणं थांबवलं आणि डॉक्टरांना घरी बोलावलं. भरवायचं कधी थांबवायचं, हेही काळजी घेण्यातच येतं. शेवटच्या दिवसांत घास तोंडात कोंबून आपल्या मनाचं समाधान होतं, त्याचं काहीच होत नाही.

तुमच्या घरात आठ वर्षांपुढचं कुत्रं असेल तर ते आज व्यवस्थित जेवत असतानाच तीन गोष्टी करून घ्या. वजनकाट्यावर आधी त्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला हा आकडा कॅलेंडरवर लिहा. दर सहा महिन्यांनी रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी करा. नुसत्या रक्तावर भागवू नका, कारण किडनीची पहिली बातमी बहुधा लघवी देते. आणि पावसाळाभर रोज रात्री कानांच्या मागे, पंज्यांच्या बोटांत आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून गोचीड शोधा.